मुहूर्त आणि मुदत

परभणी, गुरुवार संध्याकाळ

मानवतच्या जिनिंगवाल्या शेठजींनी सगळ्या सॉफ्टवेअरची लायसन्सं सांभाळायचं काम आज माझ्याकडं दिलं. माझ्याकडं! जमेल ना मला?

गेल्या हंगामात अमावास्या म्हणून त्यांनी लायसन्स रिन्यू करायचं पुढं ढकललं. मुदत संपली, आणि कापसाच्या गाड्या दारात असताना वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बंद! कॉम्प्युटरवर कुंकवाचा टिळा तेवढा ताजा.

आज त्याच टिळ्याकडं बघत म्हणाले, "ताई, मला मुहूर्त कळतो, मुदत कळत न्हाई. आता तुमीच बघा." निघताना माझ्या लॅपटॉपलाही कुंकू लावलं.

पुसलं नाही अजून. आत्ता सहज कॅलेंडर बघितलं, तर आज अमावास्या! आणि शेठजी तर रोज सकाळी पंचांग बघितल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत.