जागा रिझर्व्ह

१ जानेवारी १९५९, गुरुवार
नवी वही. आजपासून तंबाखू बंद. मॅचला गेल्यावर ओरडायचं नाही. पोराचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकून घ्यायचं. (ही बायकोची, कालिंदीची सूचना. मान्य.)

आमचा त्र्यंबक सकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. देशाची पोरांची फुटबॉल टीम परदेशी जायची आहे, तिची ट्रायल. सबंध कोल्हापुरातून एकटा! मी स्वतः स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीत, त्याचं तिकीट मीच फाडलं. त्र्यंबक ज्या तालमीकडून खेळतो तिचे सेक्रेटरी गणपतराव पोचवायला आले होते. म्हणाले, ह्या पोरांच्या टीमचं आजवरचं रेकॉर्ड काय? म्हटलं, कोरं. अजून कुणाशी खेळलीच नाही. म्हणजे एकही मॅच हरलेली नाही. असं रेकॉर्ड जगात दुसऱ्या कुणाचं हाय का दाखवा! गणपतराव हसत सुटले.

दुपारी एक चिमूट तंबाखू. आनंदाची. ही धरायची नाही.

५ जानेवारी, सोमवार
त्र्यंबक आला. जरा लंगडतोय. प्रवासात पाय अवघडला असणार.

विचारलं, काय झालं? म्हणाला, शेवटी साहेबानं नावं वाचली. तुझं वाचलं का? वाचलं. काय म्हणून वाचलं? म्हणाला, रिझर्व्ह.

रिझर्व्ह! मी उडालोच. पुण्याच्या गाडीला सेकंड क्लासच्या डब्यावर रिझर्व्हचं कार्ड लावण्यात माझी हयात गेली. ते कार्ड लागलं की कलेक्टर येऊ दे नाहीतर त्याचा बाप, त्या जागेवर बसायची कुणाची टाप नाही. बाकीच्या पोरांची नुसती नावं वाचली म्हणे. जागा रिझर्व्ह फक्त आमच्याची आणि आणखी दोघांची!

पोरगं “आबा, रिझर्व्ह म्हंजे...” असं काहीतरी सुरू करत होतं. म्हटलं, मला शिकवतोस? लाजाळू आहे, आईवर गेलाय. कालिंदी म्हणाली, आधी त्याचा गुडघा बघा, नारळाएवढा झालाय. बायकांना शुभ बातमीत काहीतरी खुसपट लागतंच.

६ जानेवारी
सबंध स्टेशनात पेढे वाटले. गार्डाला दोन. संध्याकाळी तालमीच्या फळ्यावर स्वतः खडूनं लिहिलं: “चि. त्र्यंबक. देशाची टीम. जागा रिझर्व्ह.” अक्षर झकास आलंय. पोरं जमली होती. एकजण फिसकन हसला. आनंदानं हसला असणार.

९ जानेवारी
कालिंदीनं हट्ट धरला म्हणून राजारामपुरीतल्या डॉक्टरकडे. गुडघ्यातली गादी फाटलीय म्हणतो. ट्रायलमध्येच फाटली, पोरानं तसाच रेटला. आता पाय हलवायचा नाही, उन्हाळ्यापर्यंत बॉलला शिवायचं नाही. हा डॉक्टर स्वतः बॅडमिंटन खेळतो. फुटबॉलचा गुडघा त्याला काय कळणार? मी घासाघीस करून मनातल्या मनात संक्रांतीवर आणलं. घरी येताना बकऱ्याचे पाय आणले. पायाला पाय. रस्सा फर्मास झाला, मी दोनदा घेतला.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ द्यायला गल्लीतली पोरं येऊन त्र्यंबकाच्या पाया पडून गेली. त्यानं पाय पाटाखाली ओढून घेतले.

तालमीचे आकाराम वस्ताद आले. आंबेहळद, गरम तेल, मग दोन्ही हातांनी धरून असा हिसका दिला की कट् असा आवाज झाला. वस्ताद म्हणाले, “बसला!” पोरगं पांढरंफटक पडलं, पण आवाज केला नाही. हा खरा खेळाडू. वस्ताद स्वतः जरा घाबरल्यासारखे वाटले. चहा न घेता गेले.

तंबाखू दोनदा. आज सण.

२० जानेवारी, मंगळवार
काय लिहू?

रेवणसिद्ध खिडकीवर आला. आमच्या टीमचा गोलकीपर, त्र्यंबकाचा दोस्त, मूळचा गडहिंग्लजचा. मागं रांग असताना म्हणाला, “काका, रागावू नगा, पर रिझर्व्ह म्हंजे जादा पोरगं हो. अकराजण खेळणार. कुणी पडलं, आजारी झालं, तर ह्याला घेणार. न्हायतर न्हाय. सगळी तालीम हसतीया तुमाला.” मी हसलो. मोठ्यानं हसलो. मग एका पावण्याला मिरजेऐवजी पुण्याचं तिकीट दिलं आणि तो खिडकीवर बोंबलत बसला.

घरी येऊन पोराला धरलं. तुला ठाऊक होतं? म्हणाला, व्हय. मग बोलला का नाहीस? म्हणाला, “बोलत हुतो की. तुमी पेढं वाटत हुता.”

जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी
रात्री अंथरुणात उजेड पडला. रिझर्व्ह म्हणजे वेटिंग! एवढंच ना? मग वेटिंगचा माणूस ह्या जगात माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतो? आयत्या वेळी कुणाची आई आजारी पडते, कुणाचं लग्न मोडतं आणि वेटिंगवाला ऐटीत खिडकीशी जाऊन बसतो. अट एकच. गाडी सुटताना तो फलाटावर हजर पाहिजे. घरी पाय वर करून पडलेल्याला कोण जागा देतो?

तेव्हा, त्र्यंबक मैदानावर दिसला पाहिजे.

२३ जानेवारी
तालमीच्या फळ्यावर माझ्या अक्षरातलं “रिझर्व्ह” पुसून कुणी हलकटानं “वेटिंग” लिहिलंय. ते मी घरी सोडून कुठंही बोललो नव्हतो. रेवणसिद्ध असेल. किंवा मीच काल पानपट्टीवर बोललो असेन. आता सगळी पेठ पोराला वेटिंग म्हणून हाक मारते. मी बघत होतो. त्यानं ओ दिली.

गणपतराव म्हणाले, सव्वीस तारखेच्या तालमींच्या फायनलला मुंबईचा कुणी साहेब येणार असं ऐकतो. कुणाकडून ऐकलं? असंच, ऐकलं. मला तेवढं पुरे आहे.

२५ जानेवारी, रविवार
घरात रणकंदन. कालिंदीनं त्र्यंबकाचे बूट पिठाच्या डब्यात लपवले. मी शोधून काढले. पीठ सांडलं. ती ओरडली, “तुमचं नाक ऱ्हावं म्हणून त्येचा गुडघा मोडताय व्हय? नाक तुमचं, पाय पोराचा!” शेजारच्या शालूबाई दारात येऊन उभ्या. म्हटलं, काय नाही, बूट साफ करतोय.

मग पोराला विचारलं. जबरदस्ती माझ्या स्वभावात नाही. खेळशील का? त्यानं बूट उलटा करून आतलं पीठ झटकलं. म्हणाला, “तुमी सांगाल तसं.” म्हणजे त्याचीही इच्छा आहे.

२६ जानेवारी, सोमवार
संध्याकाळ. लिहून काढतो, म्हणजे सुटेल.

फायनल. समोर खालची पेठ. सबंध गाव लोटलेलं. खुर्च्यांच्या रांगेत एक हॅटवाला. बघताच ओळखलं, हाच मुंबईचा साहेब.

ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या पाचच मिनिटांत घसा बसला.

पट्टी बांधून त्र्यंबक डाव्या कडेला. बॉल आला की देऊन टाकत होता, पळत नव्हता. कुणीतरी ओरडलं, “ए वेटिंग, गाडी आली की!” सगळे खदाखदा हसले. हाफटाइमला तो माझ्याकडे आला. लिंबू चोखत होता, ओठ पांढरे. म्हणाला, “आबा, बसू का?”

मी म्हटलं, “आता बसलास तर जन्मभर रिझर्व्हच राहशील.”

हे मी म्हटलं. इथं लिहून ठेवतो.

नंतर बॉल आला आणि तो पळाला. काय पळाला! दोघांना चुकवून कडेकडेनं असा गेला की हसणारं मैदान उठून उभं राहिलं. मीही. गोल समोर. कुणी त्याला शिवलंही नाही. नुसता पाय टेकला आणि खाली बसला. तोच आवाज आला, संक्रांतीचा. ह्या वेळी वस्ताद जवळ नव्हते.

त्याला उचलून नेताना मी हॅटवाल्याकडे धावलो. साहेब, बघितलंत ना? पळताना बघितलंत? तो म्हणाला, मी सिनेमाचा माणूस, स्टुडिओत निघालो होतो, गर्दी बघून थांबलो. कुठली टीम ही?

२७ जानेवारी
डॉक्टर माझ्याशी बोलला नाही. कालिंदीशी बोलला. चालेल, पण पळणं संपलं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाला, काठी सुटली तर सुटेल.

कालिंदी रडली नाही. बूट धुऊन, वाळवून कोनाड्यात ठेवले. ती रडली असती तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी, बुधवार
गणपतरावांनी पेपर आणून दाखवला. पोरांची टीम जात नाही. वरून परवानगी मिळाली नाही. दौरा रद्द.

म्हणजे अकरातले अकराही घरी. रेकॉर्ड कोरं ते कोरंच. मी म्हटलं, बघा, अजून एकही मॅच हरलेली नाही. गणपतराव हसले नाहीत. पेपर घेऊन गेले.

म्हणजे गाडी सुटणारच नव्हती. पोरगं उन्हाळ्यापर्यंत घरात पाय वर करून पडलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. काही म्हणजे काहीच. फार वाईट वाटतंय. डॉक्टरनं नीट समजावून सांगायला पाहिजे होतं.

तंबाखू किती, मोजली नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार, पौर्णिमा
त्र्यंबकाला घेऊन मिरजेला. नृसिंहवाडीच्या यात्रेची गर्दी. दर पौर्णिमेला असते. ती तिकिटं मीच फाडलेली. तरी आपल्या पोराला आधी नेऊन बसवावं हे मला सुचलं नाही. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. पोरगं काठी धरून एका पायावर उभं, मी त्याच्या मागं. रुकडी स्टेशन मागं पडलं.

खाली गाठोड्याला रेलून एक म्हातारी बसली होती, बनाबाई नाव. वाडीला निघालेली. सारखी काठीकडे बघत होती. म्हणाली, “पावणं, पोरगं काय करतंय?”

माझं तोंड आपोआप उघडलं. म्हटलं, “फुटबॉल खेळतो. देशाच्या टीमला रिझर्व्ह हाय.”

आजूबाजूच्या चार माना वळल्या. म्हातारी म्हणाली, “आन् रिझर्व्ह म्हंजे वो काय?”

मी तंबाखूची डबी चाचपत राहिलो. त्र्यंबक म्हणाला, “बसून ऱ्हायचं, आज्जी.”

“मग बस की बाळा,” म्हातारी म्हणाली आणि तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. तो बसला. मी मिरजेपर्यंत उभा होतो.