पोलवानला लागलेली नजर

१४ मे. सकाळ.
आज माझा लावा पोलवान सलग अकरा वेळा बोलला! पिट-बिल-डिक, पिट-बिल-डिक, मधे दम खाणं नाही. बोटांवर मोजलं, दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा एक बोट परत वापरलं. चायखान्यातल्या नॉरमत उस्ताचा लावा नऊच्या पुढे कधी गेलेला नाही. म्हणजे अख्ख्या मर्गिलान शहरात माझाच पहिला नंबर. तीन वर्षं तळहातावर वरी भरवून वाढवलाय त्याला. सून मुअत्तर म्हणते, ओयी, नातवंडांनासुद्धा एवढं भरवलं नाहीत हो. म्हटलं, नातवंडं पहाटे उठून गातात का? ती तर नाश्त्यालाही उठत नाहीत.

शेजारीण इनोबत भिंतीवरून डोकावली. अगं होसियतखान, काय गळा आहे गं मेल्याचा, आमच्याकडे असा असता तर, म्हणाली. आणि नजर लागू नये म्हणून म्हणतात ते माशाल्ला काही म्हणाली नाही. मी वाट बघितली. चहा ओतला. नान पुढे केली. सगळी खाल्ली, पण म्हणाली नाही.

१५ मे.
पोलवान गप्प. पिसं फुगवून चेंडूसारखा बसलाय. दोनदा शिंकला. झालं, इनोबतची नजर. तरी मला कालच कळलं होतं.

तव्यावर निखारे घेतले, मूठभर इसिरिकचा वाळका पाला टाकला आणि धुरी दिली. धूर वाया जाऊ नये म्हणून त्याच्या पोकळ भोपळ्याच्या पिंजऱ्यावर चादर टाकली. आतून सात शिंका आल्या. नजर बाहेर पडताना शिंका येतातच. माझ्या धाकट्यालाही यायच्या. त्याला बरोबर शाळेच्या दिवशीच नजर लागायची, शुक्रवारच्या लग्नाला कधी लागली नाही. हुशार होता. आता ताश्कंदला ड्रायव्हर आहे.

ठराव : रोज एकदाच धुरी. मुअत्तर म्हणते, जास्त बरी नाही.

१६ मे.
तीनदा दिली. सकाळची पुरेशी नव्हती, दुपारी मनासारखा धूर झाला नाही, म्हणून संध्याकाळी नीट दिली. पोलवान डोळे मिटून बसतो, म्हणजे आराम पडतोय. चोच उघडी ठेवून श्वास घेतो. भरपूर हवा घेतोय, चांगलंच आहे.

मुअत्तर खिडकी उघडायला आली. ओयी, आम्हालाच ठसका लागतोय, त्याचं काय होत असेल, म्हणाली. म्हटलं, तुझं लग्न झालं तेव्हा तुलाही दिली होती, मेलीस का? ती म्हणाली, मी अंगणात होते ओयी, भोपळ्यात नव्हते. हल्ली फार बोलते.

१७ मे.
वरीचा दाणा घेतला नाही. तळहातावर ठेवला, चोचीला लावला, मी स्वतः खाऊन दाखवला. नाही.

आता खरा उपाय. ज्याची नजर लागते त्याच्या कपड्याचा तुकडा इसिरिकमध्ये जाळायचा. आमची आजी असंच करायची. इनोबतला चहाला बोलावलं. सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागली की ती डोळे मिटते. तेवढ्यात मी कात्रीने तिच्या झग्याचा काठ कापला. थोडासाच घ्यायचा होता, पण अतलसचं रेशीम निसरडं असतं, वीतभर आला. नवा झगा होता. भाचीच्या लग्नाचा.

घरी जाऊन तिने बघितलं. भिंतीवरून ओरडली, चोरटी म्हातारी, चिमणीएवढ्या पाखरासाठी माझा झगा फाडलास! तुकडा आधीच जाळला होता. रेशमाचा धूर काळा आणि जाड येतो. चादर दोनपदरी केली.

१८ मे. दुपार.
पोलवान एका बाजूला कलला. मांडीवर घेतलं तर छाती घड्याळासारखी टिकटिक करत होती. या अल्ला, माझे गुडघे घे, याला राहू दे. तसे ते कामाचे राहिले नाहीत, पण माझ्याकडे दुसरं काय आहे? डोळे घे म्हणणार होते, मग वाटलं, मला त्याला बघायचं आहे.

डोक्याला रुमाल बांधून चायखान्यात गेले. तिथे बायका जात नाहीत, मी गेले. नॉरमत उस्ताने पिंजऱ्यात नाक घातलं आणि एकदम मागे झाला. आपा, तुम्ही यात पाखरू ठेवता की कबाब भाजता, म्हणाला. सगळे हसले. मग मात्र त्याने पोलवानला हातात घेऊन कानाशी धरलं आणि कोणी हसेना. त्याला थंडी लागली होती आपा, एवढंच. उबेत ठेवून चार दिवस मोकळी हवा दिली असती तर उठला असता. आता छातीत धूर बसलाय. धुरी बंद करा, ताजी हवा द्या, बाकी अल्लाच्या हातात, असं म्हणाला.

अकराचा लावा आहे माझा, म्हणून उस्ता जळतोय.
तरी पिंजरा तुतीखाली टांगला. धुरी बंद. शपथ.

१९ मे.
पाणी प्यायला! दोन थेंब! एकदा पिट म्हणाला. बिल-डिक नाही, पण पिट स्पष्ट होतं. मुअत्तरला बोलावून विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली, हो ओयी. तिने ऐकलं नव्हतं, पण चांगली मुलगी आहे.

म्हणजे नजर उतरली. तुकडा जाळला तोच लागू पडला. आता मुळापासून जावी म्हणून शेवटची एक, अगदी चिमूटभर. शपथ मोठ्या धुरीची होती.

२० मे. सकाळ.
पोलवान गेला.
पिंजऱ्याच्या तळाशी होता, पाय वर. हातात घेतला तर वजनच नव्हतं. तीन वर्षं एवढं खाल्लं ते गेलं कुठे? पिसांना वास येत होता. तोंडाने फुंकर घातली, पुन्हा घातली. मुअत्तरने माझ्या हातातून काढून घेतला आणि काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं. ओरडायला हवं होतं.

२१ मे.
इनोबत आली. तोच कापलेला झगा घालून, बशीत हलवा घेऊन. दारातच रडायला लागली. होसियतखान, माझीच गं नजर, मी माशाल्ला म्हटलं नाही, जीभच वळली नाही, मेल्या माझ्या डोळ्यांना आग लागो. माझे पाय धरायला वाकली. तिचेही गुडघे वाईट आहेत, वाकली ती उठेना. मी उठवलं.

होऊन गेलं ते गेलं, म्हटलं. माफ केलं, म्हटलं. मुअत्तर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

ठराव : इनोबतला खरं सांगायचं. उद्या सकाळी, चहाच्या आधी.

२२ मे.
इनोबतबरोबर चहा झाला. दोन किटल्या.