संथ भागाचा शेवट

प्राग, ९ सप्टेंबर १९०४

ती. अनेझ्काताई यांस,
हिनेकचा सा. न. वि. वि.

तुम्ही धाडलेली आलुबुखाराच्या मुरांब्याची बरणी न फुटता पोचली. आईंच्या गुडघ्यांचं कसं आहे ते कळवा.

मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, विद्यालयात शिकवतो. ब्लाझेनाला जाऊन सहा महिने होत आले तरी लोक भेटले की आधी आवाज खाली आणतात, मग माझा हात धरतात. शेवटी मीच त्यांचं सांत्वन करतो. खरं सांगू, मला काहीच होत नाही. दाढ काढताना डॉक्टर औषध लावतात, मग आपलाच गाल चावला तरी कळत नाही, तसं चाललंय. मार्चमध्ये रडलो नाही, अजूनही नाही. तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा दगड निघाला म्हणा.

पत्राचं कारण वेगळं. माझ्या नव्या सिम्फनीतला संथ भाग संगीतमंडळ सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरला, वाजवणार आहे. पत्रिकेला काळी चौकट, आत ‘प्रिय पत्नीच्या स्मरणार्थ’. मी तो भाग पियानोवर ऐकवला तेव्हा मंडळाचे चिटणीस ढसाढसा रडले. तो मी तिच्या उशाशी बसून लिहिला, अशी त्यांनी समजूत करून घेतली आहे. मी ती दूर केली नाही; कंटाळा आला. फक्त शेवट त्यांना खटकतो. शेवटच्या ओळींत संगीत एकदम हलकं होतं, ते शोकाला शोभत नाही, तेवढ्या गाळू या म्हणाले. मी बरं म्हटलं. तुम्ही आणि आईंनी पहिल्या रांगेत बसावं, अशी मंडळाची इच्छा आहे.

लोभ आहेच, नसल्यास राग तरी असू द्यावा.

आपला,
हिनेक


ताबोर, १८ सप्टेंबर

श्री. हिनेकराव यांस,
अनेझ्काचा स. न. वि. वि.

राग असू द्यावा म्हणता, तर घ्या. मी येणार नाही आणि आईलाही पाठवणार नाही.

उशाशी बसून लिहिला म्हणे! गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या माडीवर बसून तुम्ही ते बडवत होतात. मी खाली अंगणात मुरांबा आटवत होते आणि ब्लाझा चांगली ठणठणीत होती. मी तिला म्हटलं, बाई, नवऱ्याला सांग, घरात कोणी गेलेलं नसताना असलं मरणाचं वाजवू नये. ती खो खो हसली. म्हणाली, त्याला काय सांगायचं, तो स्वतःच्या लग्नाच्या जेवणातही असाच तोंड पाडून बसला होता. आणि पुढच्या ईस्टरच्या आधी आपण तिला पुरलं. तुम्ही मारलंत असं मी म्हणत नाही. पण मरणाला घर दाखवलंत असं मात्र मनात येतं, आणि मन माझं ऐकत नाही. ते सूर मला पुन्हा ऐकवू नका.

बाकी आईचे गुडघे कुरकुरत आहेत, बदकं यंदा चांगली पोसली आहेत. लोकरीची बंडी घालता ना? नदीवरचा वारा तुमच्यासारख्या काटकुळ्याला उचलून नेईल.

रागावले आहे, पण लोभ काही सुटत नाही, ही तक्रार.

अनेझ्का


प्राग, २५ सप्टेंबर

ती. अनेझ्काताई यांस,
हिनेकचा सा. न. वि. वि.

बंडी घालतो.

तुम्ही मरणाचं म्हणता, चिटणीसही मरणाचंच म्हणतात. त्यात मरण नाही हो. तुमच्या मुरांब्याची दुपार आठवा. जेवण अंगावर आलं म्हणून ब्लाझेना नासपतीखालच्या बाकावर आडवी झाली होती. तोंड उघडं, बोटं जांभळी. मी माडीच्या खिडकीतून बघत होतो. चेलोंचे खर्जातले सूर संथपणे वर-खाली होतात, तो तिचा श्वास आहे. आणि पियानोवरच्या ज्या सुरांपाशी चिटणीस रडले, ते क्लॅरिनेटचे, आणि ते क्लॅरिनेट म्हणजे तुम्ही. तुम्ही हंड्यापाशी ओरडत होतात, ब्लाझा, ऊठ गं, माझे हात मोडले, बुडाला लागतंय सगळं. क्लॅरिनेट हाक मारतं, चेलो आपले घोरतात. पुन्हा हाक, पुन्हा घोरणं. शेवटी बासऱ्या येतात आणि ती उठते, कुरकुरत, तुम्हाला वेडावत. त्याच त्या हलक्या ओळी. हे मी तिलाही कधी सांगितलं नाही. घोरते म्हटल्यावर चिडली असती.

त्या ओळी आता गेल्या. वादकांच्या प्रतींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. हे लिहितानाही मला काही वाटत नाही. यायचं नसेल तर येऊ नका, मी समजेन.

जमेल तेवढा लोभ असावा.

हिनेक


ताबोर, ३ ऑक्टोबर

श्री. हिनेकराव यांस,
अनेझ्काचा स. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. आधी ती हसली, मग रडली, मग कागद माझ्या हातातून ओढून घेतला. मी एवढी केकाटते हे साऱ्या प्रागला ऐकवायलाच हवं होतं का?

पण त्या ओळी गाळल्यात? अहो, ती उठली होती! मी साक्षीला आहे. डोळे चोळत आली, पळी माझ्या हातातून हिसकावली आणि म्हणाली, सरक म्हातारे, एवढ्यात दमलीस. मग अंधार पडेपर्यंत तिनेच ढवळलं. तिला झोपवूनच ठेवणारे तुमचे चिटणीस कोण? आणि तुम्ही बरं म्हणालात! मार्चमध्ये आपलं काही चाललं नाही, हिनेकराव. इथे तर चालतंय ना? आधी त्या पट्ट्या सोलून काढा. काढल्यात तर आम्ही दोघी येऊ. काळी चौकट राहू दे बापडी, तिने कोणाचं बिघडत नाही.

लोभ आहे, आणि धाकही आहे असं समजावं.

अनेझ्का


प्राग, २ नोव्हेंबर

ती. अनेझ्काताई यांस,
हिनेकचा सा. न. वि. वि.

काल तुम्हाला न भेटताच मी मागच्या दाराने निघून गेलो, क्षमा करा. आईंनी आणलेला खसखशीचा केक दारवानाने दिला.

पट्ट्या मी स्वतः सोलल्या. चिटणीस आता माझ्याशी बोलत नाहीत. शेवट सुरू झाला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली, ती तुम्हीही ऐकली असेल. मला त्याचं काही वाटलं नाही. तोवर कशाचंच वाटत नव्हतं. चेलो नीट श्वास घेत होते, मी वादकांपुढे उभा राहून हात हलवत होतो, दुसरा हॉर्न उशिरा आला एवढं ध्यानात आलं. क्लॅरिनेटने हाक मारली, तुमच्याइतकी खणखणीत नाही. मग बासऱ्या आल्या आणि ती उठली, ताई. अगदी तशीच, कुरकुरत.

मी हात खाली घेतले आणि वळलो. लोकांना वाटलं, टाळ्यांसाठी वळलो. मी तिला बघायला वळलो होतो. पहिल्या रांगेत तुम्ही होतात, आई होत्या, आणि तुमच्या पलीकडे कोणी अनोळखी गृहस्थ चष्मा पुसत होते.

ती गेली हो, ताई.

परवा सकाळच्या गाडीने ताबोरला येतो. स्टेशनावर या. मला तिच्याकडे घेऊन चला. पुरलं त्या दिवशी मी तुमच्याबरोबरच चाललो होतो म्हणतात, पण मला ती वाट माहीत नाही.

लोभ असू द्या. आता तो लागेल.

हिनेक