जावेची निलगिरी

प्रति,
मा. वृक्ष अधिकारी,
उद्याने व वृक्ष विभाग,
हेदरली बरो कौन्सिल, पश्चिम लंडन.

विषय : माझी धाकटी जाऊ सौ. कस्तुरी देवतळे हिच्या बागेतील निलगिरीचे झाड तोडण्याविषयीचे माझे अर्ज रद्द समजून सदर झाड येत्या मंगळवारपूर्वी वाचविण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे सर्व अर्ज व आपले त्यावरील उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारी सविनय निवेदन करते की, मी नागपूर येथे पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळलेली असून अर्ज कसा असावा हे मला शिकवावे लागत नाही. आजवरचे अर्ज माझा मुलगा पुष्कर इंग्रजीत करून देत असे. या वेळी विषय काय आहे हे ऐकूनही न घेता, "आई, ते काकूचं ट्री आहे, मी अजून एक कम्प्लेंट टाइप नाही करणार," असे म्हणून त्याने हात वर केले. आपल्या पत्रकावर 'आपल्या भाषेत लिहा' असे छापलेले असल्याने हा अर्ज मराठीत सादर आहे.

माझे दीर ज्ञानेश्वर व त्यांची पत्नी कस्तुरी आमच्या शेजारच्याच घरात राहतात. मध्ये लाकडी फळ्यांचे कुंपण आहे. सासूबाई पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत कस्तुरीकडे आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत माझ्याकडे असतात. म्हणजे उन्हाळा तिच्या वाट्याला येतो आणि खोकला माझ्या, परंतु त्याबद्दल मी कधी अर्ज केलेला नाही.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना वाण म्हणून निलगिरीचे एकेक रोप दिले. एकाच नर्सरीतले, एकाच उंचीचे. सासूबाईंचे माहेर चिखलदऱ्याचे. त्यांच्या शाळेभोवती निलगिरी होत्या आणि दृष्टी अधू झाल्यापासून त्या झाडाच्या वासात व सळसळीत त्यांचा जीव रमतो. वाण कोपऱ्यात टाकून ठेवायचे नसते, म्हणून मी त्याच संध्याकाळी गोठून दगड झालेली जमीन पहारीने फोडली, रोप लावले, त्याला हळदकुंकू वाहिले. कस्तुरीने तिचे रोप शेडमध्ये खिडकीशी ठेवले आणि ती विसरून गेली. मे महिन्यात लॉनमोअर काढताना तिला ते सापडले, तेव्हा एक खड्डा करून त्यात उभे केले. पुढे तिने त्याच्यासाठी काडीचेही काही केले नाही. कुंपणापलीकडून मी रोज पाहत होते.

माझ्या रोपासाठी मी काय केले नाही ते विचारावे. शेणखत घातले, ताक घातले. उन्हासाठी त्याला दक्षिणेकडे हलविले, वारा लागतो म्हणून पुन्हा भिंतीशी आणले, मग गुरुजींना फोन करून ईशान्येस नेले. वाकू नये म्हणून काठीला बांधले आणि थंडीत माझी स्वतःची शाल गुंडाळली. आज कस्तुरीचे झाड छपराच्या पन्हाळीच्या वर गेले असून माझे अजून गुडघ्याला लागत नाही. माझ्या पहिल्या अर्जावरून आपले निरीक्षक आले तेव्हा त्यांनी सांगितले की निलगिरीला लाड चालत नाहीत, खत नको असते, आणि मुळे हलवलेली तर मुळीच खपत नाहीत. आळशी बाईला झाड आणि राबणारीला काटकी, हा कुठला न्याय, असे मी त्यांना विचारले. त्यांनी घड्याळात पाहिले.

यानंतरच्या माझ्या तक्रारी आपल्या दप्तरी असतीलच. झाडाची सावली माझ्या रोपावर पडते. सुटलेल्या साली आमच्या अंगणात येतात. त्याची चंदेरी पाने मंडळाच्या गणपतीच्या सजावटीला देऊन कस्तुरीने स्वतःचे कौतुक करून घेतले. तसेच त्याचा वास आमच्या बेडरूममध्ये येतो व त्यामुळे यजमानांना गाढ झोप लागते. या शेवटच्या मुद्द्यावर आपण 'ही तक्रार आहे काय' असे विचारले होते. होय, होती. माझा जळफळाट होत होता, आणि तो आजही होतो हे मी लेखी मान्य करते.

परंतु या वर्षी दसरा जवळ आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "वीणा, या वेळी मी इथंच राहते गं. तुझ्याकडं सगळं आहे, पण उशाशी झाड नाही." मी त्यांचे पथ्य सांभाळते, कस्तुरी त्यांना फ्रोझन पराठे वाढते, आणि तरी झाड जिंकले. त्याच दिवशी मी 'घराच्या पायास धोका' असा अर्ज आपणाकडे केला. झाड संरक्षित नसून मालकाची इच्छा असल्यास ते तोडता येईल, असे आपण कळविलेत. त्या उत्तराची प्रत मी कस्तुरीच्या दारातून आत सरकवली.

काल ती माझ्या स्वयंपाकघरात आली. बसली नाही. "ताई, तुम्हाला एवढा त्रास होतोय तर मी माणसं बोलावलीयेत. मंगळवारी पाडतायत. झाडापायी घरात वितुष्ट नको." मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती, तिने तेवढीही सोय ठेवली नाही. संध्याकाळी सासूबाईंना हे कळले. त्यांनी पलंगाखालची बॅग काढायला लावली आणि पुष्करला नागपूरचे तिकीट बघायला सांगितले. आता दोघींपैकी कुणाकडेच राहायचे नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले असून त्या शांतपणे बोलल्या की बदलत नाहीत.

कस्तुरीला तोंडाने 'पाडू नकोस' असे सांगणे मला जमणार नाही. आज सकाळपासून दोनदा कुंपणापर्यंत जाऊन परत आले. म्हणून हे काम आपल्या कार्यालयाने करावे. मंगळवारच्या आत सदर झाडास संरक्षण-आदेश लागू करावा, आणि आदेशात अर्जदाराचे नाव कुठेही येऊ नये. झाड राहिले तर सासूबाई पलीकडेच राहतील हे मला कळते. राहू द्या. कुंपणाच्या पलीकडून त्यांनी हाक मारली तर मला ऐकू येते. नागपूरहून येणार नाही.

अखेरची विनंती अशी की, आदेश एकाच झाडाचा न काढता दोन्ही झाडांचा काढावा. माझे झाड लहान असले तरी जिवंत आहे, आणि वाण दोघींना सारखेच मिळाले होते. तिच्या झाडाला कौन्सिलचा कागद आणि माझ्या झाडाला नाही, हे माझ्याने बघवणार नाही.

मंगळवारपूर्वी निर्णय व्हावा या अपेक्षेत,

आपली नम्र,
(सही)
सौ. वीणा शशिकांत देवतळे
दिनांक : १९ सप्टेंबर २०२५

सोबत : दोन्ही झाडांचे एकत्र छायाचित्र. माझे झाड डावीकडे, खालच्या फळीपाशी आहे. न दिसल्यास मोठे करून पाहावे.