तनुजाची सर्दी

२ फेब्रुवारी
नवी नोकरी, नवं शहर. चिकलठाण्याजवळच्या या मुलांच्या दवाखान्यात आजपासून मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटर लख्ख, यंत्रं नवी. दुपारी सिस्टर सुलेखानं डब्यातली भाकरी आणि ठेचा बळंच खाऊ घातला. डोळ्यांतून पाणी आलं, पण मजा आली. रमेन मी इथं.

९ फेब्रुवारी
कन्नड तालुक्यातल्या भागूबाई पाच वर्षांच्या लेकीला, तनुजाला, टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी घेऊन आल्या. पोरीचं नाक वाहत होतं. स्टेथोस्कोप लावला तर छातीत घरघर. अशा मुलाला भूल द्यायची नसते. श्वासनळी चिडलेली असते, तीन-चार आठवडे थांबायचं. सर्जनना तसं सांगितलं. ते म्हणाले, सर्दी कुठल्या मुलाला नसते? तनुजाच्या वडिलांना वाळूजच्या कंपनीतून पुन्हा सुट्टीही मिळणार नव्हती. मी नवीन, वाद नको वाटला.
भागूबाईंनी विचारलं, "सर्दीनं काय व्हत नाय ना, मॅडम?"
नाही, म्हणाले मी.

१० फेब्रुवारी
ऑपरेशन नीट झालं. श्वासाची नळी काढली आणि तनुजाचा घसा आतून मिटला. छाती आत ओढली जात होती, हवा जात नव्हती. ओठ निळे. औषधं दिली, पुन्हा नळी घातली, छाती दाबत राहिले. चाळीस मिनिटं. गेली.
केसपेपरवर मी लिहिलं : तपासणीत सर्दी नव्हती.
भागूबाईंनी माझे हात धरले. "तुमी लई केलं," म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी
आज एका ठणठणीत मुलाची छाती तपासली. तीच घरघर. सुलेखाला ऐकायला दिलं. तिला काही ऐकू आलं नाही. एक्स-रे स्वच्छ. तरी ऑपरेशन पुढं ढकललं.

२३ फेब्रुवारी
हे चौथं मूल. घरघर तीच. मधेच ओला खोकला, अगदी कानात. मुलाचं तोंड मिटलेलं होतं.

२६ फेब्रुवारी
स्टेथोस्कोप खिशात आहे. कानात नाही. तरी —
सर्जन म्हणतात, रजा घ्या.

२७ फेब्रुवारी
भागूबाई आल्यात. तनुजाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद हवेत. समोर बसल्यात. खरं सांगायला तोंड उघडलं आणि घसा — आवाज नाही. हवा नाही. त्या पाठीवरून हात फिरवतायत. सुलेखाला हाका मारतायत.
हात चालतोय अजून. लिहून दाखवते. त्यांना वाचता येतं का —
भागूबाई, तिला सर्दी होती. मी ऐकलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत