गुंड्याची शेपूट आणि मागचं दार

५ ऑक्टोबर २०२२, बुधवार. दसरा.

आली एकदाची गाडी. पांढरी, भली थोरली, आणि मागचं दार म्हणे आपोआप उघडतं-मिटतं. अनिरुद्धने गॅलरीतून किल्लीचं बटण दाबून दाबून ते सगळ्या धायरीला दाखवलं. दार खाली यायच्या आधी टीं-टीं वाजतं. हार घातला, ओवाळलं. पोटच्या मुलाची गाडी, ओवाळावं लागतं.

यांची जुनी गाडी बदल्यात शोरूमवाल्याला देऊन आला. मला विचारलं नाही. "सांगणारच होतो गं आई." हो, सांगणारच होता! हे जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तेवढाही धीर नाही.

टीं-टीं ऐकून गुंड्या सगळ्यांच्या पायांतून सुसाट आला आणि डिकीत जाऊन बसला. नव्या कोऱ्या गालिच्यावर चिखलाचे पाय. मला फार बरं वाटलं. एरवी ते कुत्रं मला मुळीच आवडत नाही. यांनी आणलं, यांनी डोक्यावर बसवलं, माझं एक ऐकत नाही.

मी चहाचं आधण ठेवलं तर अनिरुद्ध म्हणतो, "आत्ता चहा कशाला? पेढे दे ना सगळ्यांना."

७ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेब ऑफिसातून आले. डिकीतून बॅग काढली, बटण दाबलं, आणि मागे न बघता फोनवर बोलत पायऱ्या चढायला लागले. दार खाली येतंय आणि तो गाढव गुंड्या बरोबर त्याच्याखाली! मी खिडकीतून ओरडले. दार त्याच्या पाठीला टेकलं आणि परत वर गेलं. इकडे चहा उतू गेला तो वेगळाच.

"बघितलंस? सेन्सर आहे. आपोआप थांबतं."

म्हणजे सेन्सरला कळतं. मालकाला नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

सेन्सरची परीक्षा घेतली. अनिरुद्धला म्हटलं, लाव तुझं दार. मधे लाटणं धरलं — थांबलं. मग पडवळ धरलं. पडवळाचे चेंगरून दोन तुकडे.

चैतालीने व्हिडिओ काढला आणि हसत खालीच बसली. सुनेला सासू म्हणजे करमणूक.

"आई, गुंड्या काय पडवळ आहे का?" इति अनिरुद्ध.

गुंड्या नाही, त्याची शेपूट आहे, म्हटलं. जेवताना त्याला त्याच पडवळाची भाजी वाढली. नको म्हणाला तरी परत वाढली.

१० ऑक्टोबर, सोमवार

अनिरुद्धला बजावलं — बटण खाली उभं राहून दाबायचं, आधी कुत्रं कुठे आहे ते बघायचं, दार पूर्ण लागेपर्यंत जागचं हलायचं नाही. "मग ऑटोमॅटिक घेऊन उपयोग काय? त्यापेक्षा त्याला बांधून ठेव." याला हुशार म्हणून कंपनी पगार देते.

११ ऑक्टोबर

बांधलं. दिवसभर रडतोय. कान किटले.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

व्हायचं तेच झालं. संध्याकाळी टीं-टीं वाजलं, गुंड्याने हिसका देऊन मान पट्ट्यातून सोडवली आणि डिकीत उडी घेतली. मी "थांब, थांब" करेपर्यंत दार बसलं. कुत्रं आत, शेपूट फटीत. ते केकाटणं मी विसरणार नाही. अनिरुद्धच्या हातून किल्लीच पडली. मोठा ऑटोमॅटिकवाला! शेवटी चैतालीने धावत येऊन दार उघडलं.

डॉक्टरांनी शेपटीचं टोक काढलं. म्हणाले, "शेपटीवर निभावलं. मान सापडली असती तर इथे आणायची गरज नव्हती."

परत येताना चैताली त्याला मांडीवर घेऊन मुसमुसत होती. मधेच म्हणाली, "आई, बाकीची कुत्री आवाजाला घाबरून लांब पळतात. हाच कसा आत धावतो?"

मूर्ख आहे म्हणून, असं तोंडावर आलं होतं. ते तोंडातच राहिलं.

यांची जुनी गाडी. रिमोट दाबला की तीही अशीच वाजायची. टीं-टीं. निघताना एकदा, आल्यावर एकदा. रोज संध्याकाळी हे आणि गुंड्या खडकवासल्यापर्यंत चक्कर मारून यायचे. ते वाजलं की गुंड्याने जाऊन मागे बसायचं, अशी यांनीच त्याला सवय लावली होती.

"अनिरुद्ध," म्हटलं, "तुझी गाडी त्याला लांब हो म्हणून सांगते. त्याला वाटतं, बाबा बोलावतायत."

अनिरुद्धने गाडी कडेला घेतली.   

१४ ऑक्टोबर

अनिरुद्धने गाडीच्या पडद्यावर काहीबाही दाबून दाराचं आपोआप लागणं बंद करून टाकलं. टीं-टीं पण बंद. आता हाताने ओढून लावतो. आधी गुंड्याला शोधतो, चैतालीकडे देतो, मग दाराला हात घालतो. गुंड्यासमोर उकिडवं बसून त्याला सॉरी म्हणाला. मला नाही म्हणाला.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

गुंड्या सुरक्षित आहे. बँडेज बांधून फाटकाशी पडून असतो. गाडी आली तरी मान वर करत नाही. भाकरीला तोंड लावत नाही. आज रागाने म्हटलं, अरे मूर्खा, दहा महिने झाले. येणार नाहीत ते. एवढं कळत नाही तुला?

२० ऑक्टोबर, गुरुवार

चैताली विचारत होती, "आई, संध्याकाळचा चहा बंद केलात का? आठवडा होत आला."

ताडकन काहीतरी बोलणार होते. मग ओट्यापाशी तशीच उभी राहिले. टीं-टीं वाजलं की मी आधण ठेवायचे. हे आले म्हणून. आवाज बंद झाल्यापासून ठेवलंच नाही.

आणि मूर्ख मी गुंड्याला म्हणत होते.