पावणेसहाला आपोआप

प्रिय अण्णा,

उद्या दुपारच्या गाडीने मी बंगलोरला परत जाणार. काल तेरावं झालं. पाहुणे गेले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याला परत दिली, आणि भोईवाड्याच्या आपल्या खोलीत आता मी एकटीच आहे. साडेचार वाजलेत. पावणेसहाला तुमचा कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल. त्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकायचं आहे, म्हणून ओवीच्या इथे राहिलेल्या वहीतलं पान फाडून त्याच टेबलावर लिहायला बसले.

अकरा महिने तुम्ही एक गोष्ट माझ्यापासून लपवलीत. ती मला दत्ताकाकांनी सांगितली. पोटच्या मुलीला ती शेजारच्या माणसाकडून कळावी, इतकी लांब गेले होते का हो मी?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्हाला मोबाइलवर ओवी नीट दिसेना. "टिकलीएवढो चेहरो दिसता गो," म्हणालात. नात मोठी दिसावी म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर उचलून आणला. पण मी कॉल लावावा, तर तो बंद! मग तुम्हाला फोन करायचा, तुम्ही चष्मा शोधायचा, टेबलाखाली वाकून बटण दाबायचं, वाकताना गुडघ्याला शिव्या घालायच्या. यात दहा मिनिटं जायची. ती दहा मिनिटं मला परवडत नव्हती, अण्णा. आज लिहायलाही लाज वाटते.

म्हणून दिवाळीत आले तेव्हा मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि वेळ लावून टाकली. रोज, पावणेसहा. कोणी हात लावायला नको, तो आपला आपण सुरू होणार आणि व्हिडिओ कॉलही उघडून ठेवणार. तुम्हाला म्हटलं, "पावणेसहा ते सात, मला जमेल तेव्हा मी कॉल करीन. फक्त भिंतीवरचं बटण कधीही बंद करायचं नाही. बंद दिसला तरी तो आत घड्याळ बघत असतो, त्याला थोडा करंट लागतो." किती खूश होते मी स्वतःवर.

तुम्ही हात मागे बांधून ऐकत होतात. मग हळूच विचारलंत, "आणि समोर कोण उभो नसलो तरी चालू होतला?"

"हो ना! तीच तर गंमत आहे, अण्णा."

तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटतंय.

मला आठवायला हवं होतं. मी काही परक्याची मुलगी नव्हते, वायरमनची मुलगी होते! गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यातला वायरमन काही रिटायर झाला नव्हता. घराबाहेर पडताना पंखा, ट्यूब, टीव्ही, मिक्सर, प्रत्येक बटणाला बोट लावून बघितल्याशिवाय तुम्ही कुलूप लावत नव्हता. फ्रिजला तेवढी माफी होती, तीही आईने भांडून मिळवलेली. आम्ही लग्नाला निघालो की सगळे गॅलरीत नटून उभे आणि तुम्ही आत बटणं मोजताय.

आणि ती गिरणीतली गोष्ट मी किती वेळा ऐकली होती. लाइट गेली की आधी सगळ्या मशीनची बटणं बंद करायची. लाइट आली की माणसाने समोर उभं राहून एकेक मशीन सुरू करायचं. एकदा कोणीतरी आळस केला, लाइट आल्याबरोबर मशीन आपसूक फिरलं आणि तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची दोन बोटं गेली. ती बोटं तुम्ही स्वतः रुमालात उचलली होतीत. "आपसूक चालू होणारा मशीन सोडून खय जाऊचा नाय," हे वाक्य तुम्ही त्या गोष्टीच्या शेवटी म्हणायचात. मी ऐकून ऐकून कंटाळले होते, म्हणूनच बहुतेक विसरले.

दुसरा नियम पाटीचा. कोणी दुरुस्तीला बसलं की बटणावर आपल्या नावाची पुठ्ठ्याची पाटी लटकवायची, आणि ज्याच्या नावाची पाटी त्यानेच ती काढायची. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. चाळीतही तुम्ही तेच चालवलंत. मजल्याचा फ्यूज बघायला गेलात की मीटरच्या फळीवर "अण्णा" अशी पाटी लटकायची, आणि तुम्ही तिथेच कोणाशी गप्पा मारत बसलात तरी अख्खा मजला अंधारात तुमची वाट बघायचा. आई एकदा वाटणाचं खोबरं मिक्सरमध्ये घालून पाऊण तास बसली होती. माशांचं कालवण त्या दिवशी अडीच वाजता झालं. तिने चार वाक्यं ऐकवली, पण पाटीला हात लावला नाही.

मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा कॉम्प्युटरच्या भिंतीवरच्या बटणावर तुमच्या अक्षरात पाटी होती: "बंद करू नये. वैशाली." मी केवढी हसले. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली. माझंच नाव का लिहिलंत, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

आता तुमच्या आजारपणाचं. दत्ताकाकांचा फोन आला, मी मिळेल त्या विमानाने निघाले. हॉस्पिटलात तुमच्या तोंडावर मास्क होता. मला बघून तुम्ही नुसता हात हलवलात. काका बाकड्यावर बसले होते. साडेपाच झाले आणि ते उठले. "मी येतंय हां जावन," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच, बरोबर साडेपाचला. मला रागच आला. माणूस आत असा पडलाय आणि यांना कसली घाई? त्या रात्री तुम्ही गेलात.

त्यानंतर घरात सुतक, येणारी-जाणारी माणसं, आणि रोज पाच-चाळीसला काका दारात. कोणाशी न बोलता टेबलाशी जाऊन उभे राहायचे. कॉम्प्युटर सुरू झाला की तो नीट बंद करायचे आणि भजनाच्या तालमीला जायचे. चौथ्या दिवशी मी विचारलं, "काका, हे काय करता तुम्ही रोज?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "तुझ्या अण्णान सांगितल्यान हा. दवाखान्यात नेताना माझो हात धरल्यान नि म्हणालो, दत्ता, पावणेसहाक मशीन चालू होतला, जावन उभो रव."

अण्णा, तुमचा श्वास लागला होता. मला काय सांगायचं, ओवीला काय सांगायचं, यातलं तुम्हाला काही सुचलं नाही. मी लावून दिलेल्या यंत्राशी कोणीतरी उभं असावं, एवढंच सुचलं.

मग काकांनी बाकीचंही सांगितलं. काळाचौकीच्या मंडळाच्या हॉलमध्ये रोज सहाला भजनाची तालीम. काका गाणारे बुवा, आणि तुम्ही झांजेवर. तीस वर्षांची जोडी. दिवाळीनंतर तुम्ही गेलाच नाहीत. पहिला आठवडा ते बोलवायला आले, तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले. "चेडवान लावन दिल्यान हा. सातपर्यंत तेचो फोन येतलो," म्हणालात. चेडू म्हणजे मी, तुमची लेक. गणपतीतल्या भजनालाही तुम्ही उभे राहिला नाहीत, तालीम नाही तर उभं राहायचं नाही म्हणून. मला मात्र सांगितलंत, गुडघे दुखतात. मी बंगलोरहून गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं.

खरं सांगू? सुरुवातीचे पंधरा दिवस मी रोज कॉल केला. मग ओवीचा क्लास, माझ्या मीटिंगा. आठवड्यातून दोनदा, कधी एकदा. तेही सातला पाच कमी असताना, घाईघाईत. तुम्ही कायम समोर हजर. "अण्णा, तुम्ही काय दिवसभर इथेच बसता का?" असं मी हसत विचारायची. तुम्हीही हसायचात. तुमच्या मागे खिळ्याला झांजेची पिशवी लटकलेली असायची. अकरा महिने ती माझ्यासमोर होती आणि मी एकदाही विचारलं नाही, की अण्णा, संध्याकाळी ही घरी कशी?

एकदा तुम्ही प्रयत्न केला होतात. आता आठवतंय. "ह्या रविवारचा बंद ठेवता येता काय गो?" मी स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत ऑफिसचं काहीतरी टाइप करत होते. म्हटलं, "अण्णा, आता त्याला हात लावू नका हं, बिघडलं तर मला पुन्हा यावं लागेल. नीट चाललंय ना?"

"चाललाहा, चाललाहा," म्हणालात. परत कधी विषय काढला नाहीत.

मला पुन्हा यावं लागेल, असं म्हणाले मी! जशी काही ती शिक्षाच होती.

पण अण्णा, थोडी मी तुमच्याशीही भांडणार आहे. एक बटण तर होतं. आयुष्यभर तुम्ही लोकांची बटणं लावलीत आणि काढलीत. हे एक बंद करायचं आणि झांज उचलून निघायचं. मी फोनवर चार शब्द बोलले असते, दुसऱ्या दिवशी विसरले असते. एवढी का माझी भीड? "वैशू, माझी तालीम असते, तुझी वेळ बदल," इतकं बोलायला तुम्हाला काय झालं होतं? रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्या नावाची पाटी लावलीत आणि मी ती काढायची वाट बघत बसलात. मी येऊनही गेले, हसून, फोटो काढून. तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. काय वाटलं असेल तुम्हाला?

सव्वापाच झाले. पाच-चाळीसला काका येतील. त्यांना मी सांगणार आहे, "काका, आज तुम्ही थेट तालमीला जा. मी उभी राहते."

तुम्हाला शब्द देते, अण्णा. पावणेसहाला तो सुरू होईल तेव्हा मी समोर असेन. आधी ती लावलेली वेळ पुसून टाकीन. मग तो नीट बंद करीन, माझ्या नावाची पाटी माझ्या हाताने काढीन आणि भिंतीवरचं बटणही बंद करीन. पंखा, ट्यूब, मिक्सर, सगळ्यांना बोट लावून बघीन. फ्रिज रिकामा केलाय, त्यामुळे आज त्यालाही माफी नाही. मग कुलूप लावून, तुमची झांज घेऊन काळाचौकीला जाईन. मला वाजवता येत नाही, ती काकांच्या शेजारी तुमच्या जागी ठेवीन आणि तालीम संपेपर्यंत बसेन. सात वाजले तरी उठणार नाही.

घरात काहीही चालू राहणार नाही, अण्णा. आता तुम्ही जायला हरकत नाही.

तुमची,
वैशू